रविवारी अब्बाले पाठवू नको

मुलींचं वसतिगृह, गडचिरोली
११ ऑगस्ट

प्यारी हाजराआपा,

अस्सलाम वालेकुम. मी इथी बरी आहो. वरोऱ्याले तुम्ही सारे बरे असान. घटक चाचणीचा अभ्यास करून राह्यली. जेवण चांगलं भेटते.

या रविवारी अब्बाले भेटीले पाठवू नको. पाऊस लय आहे, त्यायचे गुडघे दुखते, अन् मले काहीच लागत नाई.

काऊन, ते तू विचारशीनच. फोन वसतिगृहाच्या मॅडमच्या खोलीत आहे, तिथी सारे ऐकते. म्हणून लिहून राह्यली. माझ्या बाजूच्या पलंगावरच्या सुकरीचे बाबा आले आहेत, ते पत्र पोस्टात टाकतीन.

जेवणाच्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या रिकाम्या खोलीत जोहरची, दुपारची नमाज पढत होती. सुकरी दाराशी उभी राहे. मागच्या आठवड्यात मी नमाज संपवून सलाम फेरला, तं खिडकीत मोबाईल धरलेला हात दिसला.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलींवर माणसं गेटवर आली. "व्हिडिओतली पोरगी कोणती? बाहेर आणा तिले."

चौकीदार देवरावभाऊ म्हणाले, "ते तं गेली घरी. नाव कटलं तिचं."

तवापासून मी घरी गेलेली आहो, आपा. व्हरांड्यात येत नाई. हजेरीत माझं नाव घेत नाई. मॅडम म्हणाल्या, "रूही, थोडे दिवस कोणाले दिसू नको, बेटा." चांगल्या आहेत त्या.

ते माणसं रोज गेटसमोरच्या चहाटपरीवर बसते. अब्बा टोपी घालून येतीन अन् गेटवर विचारतीन, माझी पोरगी कुठी आहे. त्याच्या पुढचा विचार मले करवत नाई.

यातलं अब्बाले काहीच सांगू नको. सांगशीन तं ते आजच निघतीन.

आज दुपारी वर्गात बेंचवर बसूनच पढली. हात बांधले नाई, झुकली नाई, ओठबी हलू देले नाई. समोर पुस्तक उघडं होतं. मधातच मराठीच्या बाईनं प्रश्न विचारला, अन् मी उभी राहून उत्तर देलं. मंग कुठपर्यंत आली होती तेच आठवलं नाई. अशी नमाज होते का, आपा?

उत्तर पाठवू नको. माझ्या नावाचं पत्र गेटवर आलं, तं मी इथीच आहो हे त्यायले समजन.

तुझी,
रूही