दोन बुचे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा किनाऱ्यावर वॉटर स्कूटर भाड्याने देणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. हृदय कुरकुरते आहे, डोके शाबूत आहे; शंका असल्यास शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारावे. याआधी रागाच्या भरात कोणाला काय देतो म्हणालो असेन, ते सगळे रद्द.

कलम पहिले. राहते घर माझ्यामागे हिचे. ती असेपर्यंत कोणी खोल्या वाटून मागू नयेत.

कलम दुसरे. प्रेशरचा पंप मेहुण्याला. त्याच पंपाने त्याने इंजिन धुतले, वायरिंगमध्ये पाणी घातले, आणि वर "चकाचक केलं बघा, भावजी" म्हणाला. आता त्याने स्वतःचे अंगण धुवावे.

कलम तिसरे. शेड, हत्यारे आणि वॉटर स्कूटर थोरल्या लेकीला. मशीनची निगा तिनेच राखली. धाकटा नुसता मिरवतो. हे वाचून दाखवताच तो ताडकन उठला. "म्हणजे मी फक्त गिऱ्हाइकं फिरवायची?" म्हणाला आणि खिळ्यावरची जादा किल्ली घेऊन गेला.

इथे लिहिणे थांबले, कारण इंजिनाचा आवाज आला.

मशीन किनाऱ्यावर आले की पोटातले पाणी निथळावे म्हणून मागची दोन बुचे काढतात आणि पाण्यात नेण्याआधी घट्ट बसवतात. विसर पडू नये म्हणून मी ती किल्लीच्याच दोरीत ओवली आहेत. जादा किल्लीला बुचे नाहीत. बुचे नेहमीच्या किल्लीसकट या कागदावर वजन म्हणून ठेवलेली आहेत, आणि त्याचे लाइफ जॅकेट खुंटीवर आहे.

थोरली आणि साक्षीला बोलावलेला नावाडी होडी घेऊन धावले.

मशीन सुसाट आहे तोवर पाणी भरत नाही. थांबले की भरते. राग निवला की तो थांबेल. पोराचा राग निवू नये, असे आज पहिल्यांदाच वाटते आहे.

"काका, जरा पडून राहा," डॉक्टरीणबाई म्हणतात. लिहू द्या, म्हटले. त्याला सांगायचे राहिले आहे.

कलम चौथे, धाकट्यासाठी. आधी सीट उघड, पेट्रोलची वाफ जाऊ दे, मगच किल्ली लाव. इंजिन बंद करायची दोरी मनगटाला बांध, म्हणजे तू पडलास तर इंजिनही थांबेल. खाऱ्या पाण्यातून आलास की इंजिनात गोडे पाणी सोड. आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. हे सगळे मी ओरडून सांगितले, म्हणून तू ऐकले नाहीस. आता हळू सांगतो आहे.

आवाज थांबला.

आणला त्याला. मशीनचे नाक तेवढे वर उरले होते, त्याला तो बिलगून होता. थोरलीने कॉलर धरून होडीत ओढला. मशीन नावाड्याने दोरीने मागून ओढत आणले. आता दारात उभा आहे, ओठ निळे पडलेत.

"बाबा, बुचं..."

"इथे आहेत, गाढवा."

थोरलीने टॉवेल ओढून घेतला आहे. त्याचे डोके पुसते आहे, जरा जोरातच.

सबब कलम तिसऱ्यात दुरुस्ती. मशीन थोरलीचेच. बुचे धाकट्याची. एकमेकांना विचारल्याशिवाय मशीन दोघांपैकी कोणालाही पाण्यात नेता येणार नाही. माझ्यामागे दोघांना बोलावेच लागेल.

स्थळ: किनाऱ्यावरची शेड
दिनांक: ९ मार्च २०२५

सही: शेडवाला
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. नावाडी

टीप: दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीची शाई पसरली आहे. त्याचे हात अजून ओले होते. ती खाडाखोड समजू नये.