भिंतीकडे तोंड करून दिलेला निकाल

प्रिय भावजींना,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमची पाठ आता कशी आहे? तो जड संगणक मांडीवर घेऊन बसने परत गेलात, तेव्हापासून काळजी लागली आहे. जाऊबाईंनाही विचारलंय म्हणून सांगा. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पण बरे नाही आहोत.

रविवारपासून तुमचे दादा बोलत नाहीत. म्हणजे "चहा दे", "दार लाव" एवढं बोलतात. निवृत्तीनंतरचे चार महिने खिडकीपाशी बसून काढलेला हा माणूस, तुम्ही दोघांनी लहानपणचे संगणक काढून लढत ठरवलीत तेव्हा कुठे उठला होता. (रोज दाढीसुद्धा करायला लागले होते.) आता तो रबरी बटणांचा काळा संगणक टॉवेलात गुंडाळून माळ्यावर गेलाय, आणि हे परत खिडकीपाशी.

दोष माझा. एकच खेळ, दोन संगणक, कुणाचा आवाज सरस. आणि पंच मी, कारण "हिला यातलं काही कळत नाही" यावर तुम्हा भावांचं चटकन एकमत झालं. मला भिंतीकडे तोंड करून बसवलंत. पहिला आवाज आला तो मच्छरदाणीत शिरलेल्या डासासारखा. दुसऱ्यात तीन माणसं तीन वाद्यं वाजवत होती, वर ढोल. मी मनात म्हटलं, हा दुसरा आपल्या घरचा. आणि पंचाची लाज सोडून दुसऱ्याला दहापैकी दहा, पहिल्याला दोन देऊन मोकळी झाले. वर मीच म्हणाले, "पहिला बंद करा बाई, कान दुखले." वळून बघते तर डास यांचा. तुम्ही हसू दाबत होतात, ते मी पाहिलं.

आठ दिवस घरात सराव चालू असताना मला आवाज ओळखता कसा आला नाही? हे दार लावून खेळायचे. स्वयंपाकघरात मला तो गोडच ऐकू यायचा. (आता कळतंय, गोड होती ती सोबतची यांची शीळ.) हे यांना कसं सांगावं, आणि सांगितल्यावर आणखी काय बिघडेल, या विचारात तीनदा भाजी करपली.

तुमची,
वहिनी

ता. क. पडद्यावरच्या चित्रांचा निकाल राहिलाच आहे. यांच्या चित्रातली रेघ कोरल्यासारखी येते, तुमच्यात नुसत्या विटा. (यांचा खेळातला माणूस दारासमोरून गेला की दाराच्या रंगाचा होतो, ते सोडा.) तेव्हा यांना एक खरमरीत पत्र पाठवा, हिंमत असेल तर चित्रांवर लढ म्हणून. समजूत मात्र घालू नका. कुणी सांभाळून घेतलं की हे जास्त खचतात.

ता. क. दुसरा. मी चष्मा शोधायला उठले, तेवढ्यात हे पत्र यांनी वाचलं. समासात पेन्सिलीने लिहिलंय, "रंग लागतो, पण माझा माणूस माणसासारखा तरी दिसतो. हिला पुन्हा पंच करू नकोस." शीळ घालण्याबद्दल अवाक्षर नाही. पण आतून माळ्याखाली स्टूल सरकवल्याचा आवाज येतोय. तेव्हा रविवारी या. मुद्दाम हरा असं मी म्हणत नाही. फक्त लवकर जिंकू नका.