आठ चमचे बर्चची साखर

नांताली,
४ नोव्हेंबर

प्रिय सिनिक्का वहिनी,

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा आता जिना चढतो. बंदरातल्या होड्या ताडपत्री घालून काठावर आल्या, माझ्या कॅफेत गिऱ्हाईक तुरळक. तुझ्या गायनवृंदातल्या बायका येतात. तालिनच्या दौऱ्याला तू का गेली नाहीस, असं विचारत होत्या. मी म्हटलं, पोटाचं काहीतरी आहे.

काल ओइवा आला होता. माझा भाऊ आईच्या मातीलाही रडला नव्हता, काल रडला. म्हणाला, "सहा किलो उतरली गं ती. गुरुवारी आतड्यात नळी घालून बघणार आहेत. कॅन्सर निघाला तर मी काय करू?" मी त्याला कॉफी ओतून दिली.

गुरुवारची तपासणी रद्द कर. तुझ्या पोटात जे आहे ते मीच घातलंय.

रोज दहाला माझ्याकडे तू ब्लूबेरीचं सार घेतेस ना, त्यातून. तुला मधुमेह, म्हणून तुझ्या वाडग्यात बर्चच्या झाडाची साखर. आधी दोन चमचे घालायचे. सप्टेंबरपासून वाढवत आठवर नेले. तुझ्या पोटाला सवय झालीशी वाटली की आणखी एक. तू म्हणायचीस, "रैली, हल्ली छान गोड करतेस."

माणसाला ती विष नाही, दातांना तर चांगलीच. ढीगभर पोटात गेली की जुलाब, एवढंच. हे मी तुला काय सांगणार? शाळेच्या दातांच्या दवाखान्यात तीस वर्षं तू जेवणानंतर मुलांच्या हातावर त्याच साखरेच्या गोळ्या ठेवल्यास. आणि कुत्र्यांपासून लांब ठेवा, हेही प्रत्येकाला तूच बजावायचीस.

ऑगस्टमध्ये माझ्या ऑपरेशनसाठी तीन दिवस माझा कुत्रा पेनी तुमच्याकडे होता. तो मेल्यावर तू म्हणालीस, "म्हातारा झाला होता, हृदय थांबलं." गुरांच्या डॉक्टरनं मला वेगळंच सांगितलं. त्या साखरेनं कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते, मग यकृत जातं. तासाभरात आणला असता तर बहुतेक वाचला असता. त्याच साखरेची तुझी बिस्किटं त्यानं टेबलावरून ओढली होती, हो ना? डबा रिकामा मी स्वतः पाहिला.

दोन महिने तुझा चेहरा उतरत गेला. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटत होतं.

आता राहिलेलं. त्या संध्याकाळी ओइवानं मला हॉस्पिटलात फोन केला होता. पेनी ओकतोय, लडखडतोय, डॉक्टरकडे नेऊ का? मी अर्धवट गुंगीत होते, पण शुद्ध पूर्ण हरपलेली नव्हती. मी म्हटलं, "गवत खाल्लं असेल. सकाळपर्यंत थांब."

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ओइवा बिचारा तो विषय कधी काढत नाही.

पण वहिनी, तू त्याच्या शेजारी उभी होतीस. तुझा खोकला मला फोनवर ऐकू आला. बिस्किटांबद्दल एक वाक्य बोलली असतीस, तर मी त्याला सकाळपर्यंत थांबवलं नसतं.

माफी मागत नाही आणि मला तुझीही नको. ओइवाला हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव. मग तुझ्या बिस्किटांच्या डब्याचंही त्याला तुलाच सांगावं लागेल.

तब्येतीला जप. यापुढे दहा वाजता दुसरीकडे बसत जा.

तुझी नणंद,
रैली