मुठीतली ऊब

८ जानेवारी, संध्याकाळ

पंचवटीतल्या वरातीसाठी आज चंद्रीला नवा, चमकणारा नायलॉनचा लगाम आणला. हल्ली फोटोत तोच खुलतो. तोंडातली कडीसुद्धा रबराची, घोडीला मऊ. आबांनी हातानं शिवलेला चामड्याचा लगाम खुंटीला टांगला. पण चंद्री तोंडच उघडेना. मी तिच्यावर खेकसलो. उगाच.

आबा खाटेवरून म्हणाले, "अरे, ती मुठीची वाट बघतेय."

थंडीत लोखंडी कडी ते आधी मुठीत धरून गरम करायचे. रबराला कशाला हवी मूठ? तरी धरली. चंद्रीनं माझी बोटं हुंगली आणि कडी घेतली.

लकवा झाल्यापासून आबांची मूठ मिटत नाही. निघताना त्यांचा हात हातात घेतला, तर गार. ऊब येईपर्यंत सोडला नाही.

वरातीला उशीर झाला.