चौदा देत होती

अण्णा, तुमची जीप चौदा देत होती. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी, कारण एवढं एक वाक्य म्हणायला मला पस्तीस वर्षं लागली आणि आता ते पोटात राहत नाही. एका लिटरला चौदा किलोमीटर. तुम्ही म्हणायचात तेवढेच, एक कमी नाही की एक जास्त नाही.

शहागडच्या स्टँडवर माणसाची तब्येत नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "किती देती?" गाडी घेऊन आठ दिवस झालेले असोत की आठ वर्षं, उत्तर तयार असायचं. शहागड ते अंबड प्रवासी ने-आण करणाऱ्या सगळ्या जीपवाल्यांचं उत्तर बारा होतं. तुमचं चौदा. त्यावर रोज हशा व्हायचा. पांढऱ्या जीपवाले काका, तुमचे जिगरी दोस्त, चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "तुझी काय पान्यावर चालती का रे?" तुम्ही चिडायचा नाहीत. रुमाल झटकून खांद्यावर टाकायचात आणि म्हणायचात, "चौदा म्हंजी चौदा. फेकून मला काय भेटनार हाय?" मला तेव्हा तुमचा अभिमानही वाटायचा आणि लाजही वाटायची.

तुमच्यासारखी गाडी मी अजून कुणाला चालवताना पाहिलेलं नाही. तीर्थपुरीच्या बाजाराला जाताना एक म्हातारी पुढच्या सीटवर बसायची, मांडीवर मिरच्यांचं गाठोडं घेऊन, आणि गाव सुटलं की झोपून जायची. बाजार येईपर्यंत तिला जागं होऊ द्यायचं नाही, हा तुमचा खेळ. पुढे बैलगाडी दिसली की तुम्ही केव्हाच पाय उचललेला असायचा. ब्रेक लागायचाच नाही. मी विचारलं तर म्हणालात, "ब्रेक दाबावा लागला म्हंजी आधीच जास्ती जाळलं, माय. म्हातारी झोपेल असली की समजायचं, डिझेल बी वाचून राह्यलं." ती म्हातारी गाडीत नसली तरी तुम्ही ती आहे असंच धरून चालवायचात.

मी नववीत होते. शाळेत सरासरी शिकवून झाली होती आणि नवीन शिकलेलं कुठेतरी वापरून बघायची मला भारी घाई होती. मीच म्हणाले, अण्णा, मोजूनच टाकू. टाकी फुल करायची, दिवसभर चालवायची, परत फुल करायची, जितकं बसेल त्याने किलोमीटरला भागायचं. तुम्ही इतके खूश झालात की स्टँडवर सगळ्यांना सांगून आलात. "आज माझी पोरगी हिशोब लावनार हाय. मंग बोला."

सकाळी पंपावर घाई होती. गाडीत पॅसेंजर बसलेले, डिझेलला फेस आलेला, नोझल खट्कन बंद पडलं आणि तुम्ही म्हणालात, बस, झाली फुल, चला जल्दी. मी मीटरचा आकडा वहीत लिहिला. रविवार होता, मी दिवसभर तुमच्याबरोबर फिरले. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस किलोमीटर झाले.

आणि मग ती संध्याकाळ. उद्यापासून भाव वाढणार म्हणून पंपावर रांग लागलीय. ट्रॅक्टर, टेम्पो, हातात कॅन घेतलेली माणसं. आपला नंबर येतो. नोझल बंद पडतं तेव्हा पंपाच्या काट्यावर दहा लिटर झालेत, पण तुम्ही म्हणता, थांब, थांब, अजून बसतंय. तुम्ही बाजूने जीप हलवायला लागता. मला म्हणता, मागच्या पायरीवर उभी राहा आन उड्या मार. मी दोन्ही हातांनी दांडा धरून उड्या मारतेय, जीप डुलतेय, टाकीतून बुडबुड आवाज येतोय, पंपावरचा माणूस थोडं थोडं सोडतोय, रांगेतली माणसं हसतायत. "अजून जोरात, माय!" डिझेल अगदी गळ्यापर्यंत येतं. तेरा लिटर. तुम्ही टाळी वाजवता. "तीन लिटर जुन्या भावात बसलं!" तुमचा चेहरा इतका उजळलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

त्यानंतर स्टँडवर मी भागाकार केला. एकशे चाळीस भागिले तेरा. पावणेअकरा. मी मोठ्याने सांगितलं, खड्या आवाजात, कवितेच्या स्पर्धेत म्हणतात तसं. अख्खा स्टँड हसत सुटला. काकांना तर ठसकाच लागला. तुम्ही वही हातात घेतली, माझे आकडे पाहिले. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेले. वही मिटून मला परत दिलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "पोरीचं गनित बराबर असतंय. मीच चुकलो असंल."

घरी आईने भाकरी थापता थापता सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "घरात सांगायचं व्हतं ना, बाई. चारचौघात कशाला?" त्या दिवसापासून तुम्ही चौदा हा आकडा तोंडातून काढला नाही. कुणी विचारलं तर, "देती दहा-अकरा." चांगली चाललेली गाडी जालन्याला नेऊन तुम्ही इंजिनाचा पंप, नोझल सगळं उघडायला लावलंत. मेकॅनिक म्हणाला, काही बिघाड नाही. मग तुम्हाला वाटलं, बिघाड तुमच्याच पायात आहे. मी कॉलेजात असताना तुम्ही आजारी पडलात आणि गेलात. जाताना तुम्ही पावणेअकराचेच ड्रायव्हर होतात. हे मला फार लागायचं, पण गणित तर बरोबर होतं ना, असं म्हणून मी ते दाबून टाकायची.

आता माझं ऐका. अंबडला माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. हसू नका. आधी शाळेत गणित शिकवायची, मग ते सोडलं आणि हे धरलं. शिकायला बायका जास्त येतात. शिक्षिका, नर्स, शेतावर स्वतः जाणाऱ्या. सगळ्यांचा पहिला प्रश्न अजूनही तोच, "मॅडम, ही किती देते?" ब्रेक कुठला ते नंतर विचारतात. जग बदललं म्हणतात, पण पंपावर गेलं की माणूस तसाच आहे. सकाळच्या गारव्यात भरलं तर जास्त बसतं, अशी एकाची खात्री. दुसरा पाचशेचं न सांगता पाचशे दहाचं सांगतो, म्हणजे फसवणूक होत नाही. तिसरा दोन रुपये स्वस्त मिळतं म्हणून आष्टीहून उठून लांबच्या पंपावर जातो आणि जाण्यायेण्यात किती जाळलं ते विचारलं की रागावतो. किती लिटर बसलं ते कुणालाच सांगता येत नाही, कितीचं टाकलं ते सगळ्यांना पाठ. मी त्यांना तुमची म्हातारी शिकवते. म्हणते, बाजूच्या सीटवर एक म्हातारी झोपलीय असं समजा. ती कुणाची, ते सांगत नाही.

गेल्या महिन्यात जालन्याच्या एका शोरूमने स्पर्धा ठेवली. आपापली गाडी आणायची, जालना ते शहागड जाऊन परत यायचं, कमीत कमी पेट्रोलमध्ये. तुमचाच रस्ता. मी नाव दिलं. सगळी तरुण पोरं, एक मीच पन्नाशीला टेकलेली बाई. निघण्याआधी सगळ्यांच्या टाक्या फुल करून सील लावायचं होतं. माझी गाडी पुढे गेली. नोझल बंद पडलं. मी झाकण लावायला गेले तर तिथला परीक्षक म्हणाला, "थांबा मॅडम," आणि दोन पोरांना हाक मारून म्हणाला, "हलवा रे गाडी. हवा निघू द्या." पोरं गाडी हलवायला लागली. बुडबुड आवाज आला.

मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "टाकीत हवा अडकून बसती ना. आता हलवून भरली तर परत आल्यावर बी हलवूनच भरायची. एकदा अशी आन एकदा तशी भरली तर हिशोब बिलकुल खोटा येतो."

अण्णा, मी त्या उन्हात उभी होते आणि मला पायाखाली जीपची पायरी जाणवत होती. सकाळी फेसावर थांबलो होतो आपण. संध्याकाळी गळ्यापर्यंत भरलं. ते वरचे तीन लिटर गाडीने जाळलेच नव्हते. ते मी उड्या मारून बसवले होते. एकशे चाळीस भागिले दहा. "मॅडम, गाडी काढा, मागं रांग लागली," असं तो तीनदा म्हणाला म्हणे. मी रडत होते आणि हसत होते, आणि त्याला वाटलं बाई स्पर्धेला घाबरली.

घाबरते कसली! त्या दिवशी मला कुणी हरवूच शकत नव्हतं. पोरांनी काय काय केलं. उतारावर गाडी बंद केली, काचा लावून घामाने भिजली, एक जण तर स्टेपनी काढून ठेवून आला होता. मी काहीच केलं नाही. म्हातारीला बाजूला बसवलं आणि निघाले. अंबडच्या गर्दीत पाय आधीच उचलला, ट्रकच्या मागे आरामात राहिले, गोदावरी दिसली तेव्हा मोठ्याने तुम्हाला हाक मारली. परत आल्यावर गाडी हलवून भरली. एकशे दहा किलोमीटरला चार लिटर. साडेसत्तावीस! दुसरा नंबर चोवीसचा. माइक हातात दिला तेव्हा मी एवढंच बोलले, "माझे वडील जीपमध्ये चौदा काढायचे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, अण्णा. चौदाला.

त्याच्या पुढच्या रविवारी मी शहागडला गेले. पांढऱ्या जीपवाले काका आता पुलाखाली मुलाच्या पंक्चरच्या दुकानात बसून असतात. मी समोर उभी राहून सांगितलं, "काका, चौदा देत होती." त्यांना ओळख पटायला वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं, ते तीन लिटर, त्या उड्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं, आमची कुनाचीच बारा देत नव्हती. नऊ देत व्हती. आमी तीन वाढवून सांगत व्हतो. तुझा बाप चौदा म्हनायचा तवा आमी त्याचे बी तीन कमी करायचो. तू पावणेअकरा म्हनली तवा आमाला वाटलं, बराबर जमलं!" आणि मग ते काठी टेकत उठले, रस्त्यावर आले आणि रिक्षात बसलेल्या पोरांना ओरडून म्हणाले, "ऐका रे, चौदा देत व्हती हिच्या बापाची! आमीच फेकू व्हतो!" त्या पोरांना काही कळलं नाही, पण दोघांनी माना डोलावल्या. काका परत बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "त्याला कळायला पाहिजे व्हतं गं."

म्हणून हे लिहिलं. पत्र गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवणार आहे, स्पर्धेच्या प्रमाणपत्राखाली. ज्या रस्त्यावर तुम्ही होतात त्याच रस्त्यावर ते फिरत राहील, याहून जवळ तुमच्यापर्यंत मला ते नेता येत नाही.

एक राहिलं. उड्या मारल्यामुळे हिशोब चुकला हे मला त्या परीक्षकाने सांगितलं, पण खटकलं मात्र तेव्हाच होतं. स्टँडवर सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते आवडत होतं. चौदा आले असते तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं, म्हणाले असते, पोरगी बापाचीच री ओढणार. वहीत आधी मी दहा लिहिलं होतं, अण्णा. मग ते खोडून तेरा केलं.