जांभळी किनार

प्रिय भिंगरी,

'प्रिय' हे हाताच्या सवयीने लिहिलंय, लगेच हुरळून जाऊ नकोस. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती. माझा राग गेलेला नाही. उलट गेल्या आठवड्यात तो इतका वाढलाय, की काल बसमध्ये शेजारच्या बाईने मला विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हणे एकटीच पुटपुटत होते. एकटी कसली, तुझ्याशीच भांडत होते.

आधी आईची खबर देते, नाहीतर जीव मुठीत धरून वाचशील. आई ठणठणीत आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, हे तिने तुला फोनवर सांगितलंच असेल. तुझा फोन आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते, हेही सांगत असेल. तिच्या पोटात काही राहतंय थोडंच! पट्टी सुटल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अगं बाई, तू इतकी कधी पिकलीस? मग घरभर फिरून एकेक रंग तपासत बसली. स्वयंपाकघराचा पडदा पिवळा नसून मळका आहे, असा निकाल दिला. तिसऱ्या दिवशी कपाटावरून क्रोशाच्या सुयांचा डबा उतरवायला लावला. पुन्हा पलंगपोस करायचा म्हणे. तोच, त्याच रंगांचा, मध्ये लिंबासारखा फिका पिवळा आणि कडेला गर्द जांभळा. आणि वर, माझ्यासमोर, धागा भिंगरीच्याच हातचा हवा. मी तिथे काय भिंत म्हणून उभी होते?

तुझ्या हातचा! या तुझ्या हाताचं कौतुक मी जन्मभर ऐकत आलेय. तू दोन खुर्च्यांच्या पाठींना पांढरा सुती धागा गुंडाळून लडी करायचीस, आणि घरात कुणाला बसायला जागा नसायची. न्हाणीघरात बादल्या, टेबलावर प्लॅस्टिक, रंगाच्या बाटल्यांची टोपणं उघडी. तुझे अंगठे तर मी कधी माणसाच्या रंगाचे पाहिलेच नाहीत. दोन रंग जिथे भेटतात तिथे तू ओला धागा अंगठ्याने दाबत राहायचीस, पिवळा नारिंगीत शिरेपर्यंत, नारिंगी विटकरीत जिरेपर्यंत. आई हातातलं काम टाकून बघत राहायची. मी नोकरीवरून यायचे, ग्रंथालयात दिवसभर पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवून मान मोडलेली असायची, आणि माझ्या चहाच्या कपात निळा डाग. एकदा नाही, दहादा. तुला बोललं की तू हसायचीस. माणसाने भांडावं तर समोरच्याने भांडायला नको का!

तो पलंगपोस आईने चौदा महिने विणला. डोळ्यांवर पडदा चढत होता तेव्हाच. डोळे आहेत तोवर एक तरी मनासारखं करून ठेवते, असं म्हणायची. मधला भाग तू आधीच्या वर्षी रंगवून दिला होतास. किनारीचा जांभळा धागा कमी पडला म्हणून शेवटच्या आठवड्यात तू आठ लड्या नव्याने रंगवल्यास. आईने किनार संपवली, शेवटची गाठ मारली, कोमट पाण्याच्या टबात पलंगपोस बुडवला, आणि आम्हा दोघींना हाक मारली. ते पाणी तुला आठवतंय ना? मला रोज आठवतं. किनारीचा रंग सुटला आणि सगळ्या पिवळ्यावर चढला. चौदा महिन्यांचं काम पोतेऱ्याच्या रंगाचं झालं. आईने तो पिळला, दोरीवर टाकला, चिमटे लावले आणि आत जाऊन सुया डब्यात भरल्या. ती रडली असती तर बरं झालं असतं.

मग मी तुला जे बोलले ते बोलले. रंग पक्का धरावा म्हणून लडी आधी सोड्याच्या पाण्यात भिजवायची ती भिजवली नाहीस, विसरलीस, नेहमीसारखा धांदरटपणा केलास, आईचे डोळे गेले ते तुझ्या किनारीपायी. शेवटचं वाक्य मी उच्चारलं नव्हतं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. उच्चारलं होतं. तू म्हणत होतीस, भिजवली गं ताई, अर्धा तास भिजवली, चमचे मोजून सोडा घातला. दोन दिवस हेच म्हणत होतीस. तिसऱ्या दिवशी सकाळी तू चहा न घेता म्हणालीस, असेल, माझंच चुकलं असेल. चौथ्या दिवशी बॅग भरून गेलीस. बाटल्या, वही, सगळं इथेच टाकून. आई सांगते, तिकडे तुझ्या खोलीत तू धाग्याला हातसुद्धा लावत नाहीस. शाळेच्या कचेरीत फायली लावतेस म्हणे. तू! फायली! ज्या शाळेने तुझ्या हाती फायली दिल्या तिची मला कीव येते.

तर आईने तुझ्या हातचा धागा मागितला आणि मला झोंबलं. म्हटलं, त्यात काय एवढं मोठं? वही आहे, डोकं आहे, वजनकाटा आहे. गेल्या शनिवारी आईला पुस्तकं बदलून आणायच्या निमित्ताने ग्रंथालयात पाठवलं आणि मी तुझी वही उघडली. काय ते अक्षर! मुंग्या शाईत पडून चालत गेल्यात. तरी एकेक ओळ लावली. लड्या केल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या. शेल्फवरचा धुण्याच्या सोड्याचा डबा काढला, तू लिहिलंयस तितके चमचे सपाट करून घातले, घड्याळ लावून अर्धा तास भिजवल्या. बाटलीने रंग ओतला. माझे रंग एकमेकांना भेटायलाच तयार नाहीत गं, पट्टीने रेघ मारल्यासारखे शेजारी शेजारी बसले. अंगठ्याने दाबून दाबून माझी नखं अजून जांभळी आहेत, ग्रंथालयात सगळे विचारतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दिवसभर ठेवल्या. रविवारी धुवायला घेतल्या.

पाणी स्वच्छ होईना. पाचवी बादली, आठवी बादली, बारावी. लड्या फिक्या होत चालल्या, पाणी जांभळं ते जांभळंच. आणि मी न्हाणीघरात उकिडवी बसले असताना मला एकदम तुझी हाक ऐकू आली. तेव्हाची. तू मला हाक मारली होतीस, आठवतं? ताई, जरा बघ ना, बारावं पाणी आहे, अजून रंग सुटतोय, काहीतरी बिघडलंय. मी पुस्तकातून डोकंही वर काढलं नव्हतं. गडद रंग सुटतोच, उगाच पाणी नासू नकोस, आई किनारीसाठी खोळंबलीये, वाळत घाल, असं मी दारातून म्हणाले होते. हे तू त्या दोन दिवसांत एकदाही माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. का नाही फेकलंस? मी तुझ्या जागी असते तर पहिल्या मिनिटाला फेकलं असतं.

सोमवारी रजा टाकली. एक लडी आणि सोड्याचा डबा पिशवीत घालून तुझ्या त्या म्हाताऱ्या रंगवाल्याकडे गेले. त्याने आधी तुझी चौकशी केली, मग लडी बघितली, मग डबा. ग्लासभर पाणी घेऊन त्यात डब्यातली पूड चांगली मूठभर टाकली, ढवळली आणि ग्लास माझ्या हातात दिला. गार होता. नंतर त्याच्या गोणीतली पूड दुसऱ्या ग्लासात. तो ग्लास बघता बघता हाताला गरम लागायला लागला. धुण्याचा कोरडा सोडा पाण्यात पडला की पाणी तापतं, म्हणाला, आणि तुम्ही आणलाय तो खायचा सोडा आहे, याने रंग धाग्याला धरत नाही. एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी दोन्ही ग्लास खाली ठेवले आणि डब्यावरची चिठ्ठी वाचली, अक्षर माझंच.

त्या किनारीच्या आठवड्यात मी स्वयंपाकघराची शेल्फं धुतली होती. कागदी पुड्यांचा पसारा मला बघवत नाही, तुला माहीत आहे. दोन सारखे डबे घेतले, धुण्याच्या आणि खायच्या सोड्याच्या पुड्या त्यांत ओतल्या आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या. तीस वर्षं हजारो पुस्तकांवर चिठ्ठ्या लावल्या, एकही चुकली नाही. या दोन उलट्या लागल्या. त्याच आठवड्यात मी माझ्या वाढदिवसाचा केक केला होता. एक घास खाऊन तू म्हणालीस, ताई, साबणासारखा लागतोय, याला फेस येईल. मी दोन दिवस गाल फुगवून बसले होते. त्यानंतर मी केक केला नाही आणि तू गेल्यावर कुणी धागा रंगवला नाही, म्हणून ते दोन डबे तीन वर्षं माझ्या सुंदर अक्षरात खोटं बोलत शेजारी शेजारी बसून राहिले.

तुझा इतका राग येतोय की काय सांगू! तुला माहीत होतं की तू भिजवलंस. तुझ्या हाताला माहीत होतं. मग 'माझंच चुकलं असेल' म्हणायची काय गरज होती? डबा माझ्या डोक्यात घालायचास, पाणी पुन्हा काढून दाखवायचंस, ओरडायचंस, ग्लास फोडायचास. माझ्या एका चिठ्ठीवर विश्वास ठेवलास आणि स्वतःच्या हातावर नाही. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ मला लांबून दिसतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. माझं मुसळ तू मला दाखवायला हवं होतंस, धाकट्या बहिणी असतात कशाला?

बघ, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथवर आले तरी भांडतेच आहे. मंगळवारी आईला सगळं सांगितलं. ती नमुन्याचे टाके मोजत होती, मोजणं संपवलं, आणि एवढंच म्हणाली, मग आता तिला पत्र कोण लिहिणार, मी? म्हणून हे पत्र. त्याला चार दिवस लागले आणि पाच कागद फाडले. तुझी चूक नव्हती. रंग तू सोडला नाहीस, मी सोडवला, आणि वर तुला घराबाहेर काढलं. डब्यावरची चिठ्ठी पाण्याने सोडवून सोबत जोडली आहे, अक्षर ओळखशीलच. मला काय म्हणायचं ते समोर येऊन म्हण, मी गॅलरीत जाणार नाही. खुर्च्या मोकळ्या करून ठेवल्यात. आई सुई हातात घेऊन बसलीये आणि माझ्या लड्यांकडे ढुंकून बघत नाही. तू ये. आणि येताना सोडा तूच घेऊन ये, या घरातल्या डब्यांवर काय लिहिलंय ते वाचू नकोस.

तुझीच,
ताई