कहराइथ आणि 'बाबा झोपलेत'

३ नोव्हें., सोम. अल नहदा, शारजा
इराच्या शाळेत वेल्सच्या लोककथांतल्या भुताखेतांवर प्रोजेक्ट. मिस मूळची तिकडचीच. पाण्यातला घोडा, काळा कुत्रा असलं सगळं सोडून पोरीने काय निवडावं? कहराइथ. म्हणे दिसत नाही, नुसतं कण्हतं. तीनदा, दर वेळी आधीपेक्षा हळू. मग गावातलं कुणीतरी जातं. "इव्हन इफ दे लिव्ह अब्रॉड, मम्मा." म्हटलं, आपल्याकडे टिटवी ओरडते, ती घे. "दॅट्स जस्ट अ बर्ड." खलास.
चिपळूणला दादाला फोन. बाबा झोपलेत म्हणाला.

५ नोव्हें., बुध.
ऑफिसातून आले तर बाथरूमच्या छतात कण्हल्यासारखा आवाज. एसीचा डक्ट, दुसरं काय! इराने वहीत तारीख टाकून '१' लिहिलं. रागावले. उगाच फार रागावले.
बाबा आजही झोपलेत. तिकडचे साडेसात. बातम्या सोडून झोपणारा माणूस नाही तो. वहिनी म्हणाली, "अगं, जरा अशक्तपणा आहे. तू तिकडे जिवाला घोर लावून घेऊ नकोस."
आईच्या वेळीही 'जरा ताप'च होता. मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

८ नोव्हें., शनि.
भर दुपारी पुन्हा आवाज. हळू. एसीवाला येऊन बघून गेला. "मॅडम, फॅन का बेल्ट ढीला है. सोमवार को कर देगा, इन्शाल्ला." बरं वाटायला हवं होतं. नितीन म्हणाला, "वेल्सच्या भुताला शारजाचा व्हिसा कोण देणार?" नवऱ्याच्या विनोदाला हसले. मग रडूच आलं.
लिहूनच टाकते. बाबा जातील आणि मला सगळ्यांत शेवटी कळेल, याची भीती वाटते.

९ नोव्हें., रवि.
दादाला म्हटलं, व्हिडिओ लाव. "नेट नाही गं." पाचच मिनिटांपूर्वी वहिनीचा स्टेटस पाहिला होता.
ओरडणार होते, पण कोणत्या तोंडाने? मार्चमध्ये माझं पित्ताशय काढलं, बाबांना अजून पत्ता नाही. तीन आठवडे 'ऑफिसात काम फार' चालवलं होतं. आमच्या घराण्याची रीतच ही.

१० नोव्हें., सोम.
बेल्ट बसवला. आवाज बंद. इरा खट्टू.
उद्याचं तिकीट काढलं. दादाला कळवलं नाही. कळवलं तर मी पोहोचेपर्यंत बाबांची दाढी करून, धुतलेला सदरा घालून त्यांना खुर्चीत बसवतील आणि म्हणतील, बघ, ठणठणीत आहेत. मला जसे आहेत तसे बघायचेत. बसवण्यासारखे असले तरी पुरे.

११ नोव्हें., मंगळ.
विमानात. सीट १९. दार अजून उघडं आहे.
दादाचा फोन. या वेळेला तो दुकानात असतो, कधी करत नाही. वाजून थांबला. परत आला. उचलला तर मी कुठे आहे ते सांगावं लागेल. तो का करतोय, तेही ऐकावं लागेल.
शेजारच्या बाई म्हणाल्या, "आपका फोन बज रहा है."
हो, म्हटलं.